नळीचे अन्न आणि औषधाची वेळ

औषध कोणते द्यावे या प्रश्नाइतकाच ते केव्हा द्यावे हा प्रश्नही आपल्या प्राचीन वैद्यकाने गंभीर मानलेला होता, आणि ज्या सुश्रुतसंहितेचे नाव आपण सहसा शस्त्रकर्माच्या संदर्भातच घेतो तिच्या उत्तरतंत्रात औषधसेवनाचे दहा काल सांगून ठेवलेले आहेत हे पाहिले म्हणजे त्या विचाराची बारकाई ध्यानात येते. अन्नाचा स्पर्श नसताना, जेवणापूर्वी, जेवणाच्या मध्यावर, जेवणानंतर, दोन जेवणांच्या दरम्यान, अन्नातच मिसळून, जेवणाच्या आरंभी आणि अखेरीस अशा दोन्ही वेळी, वरचेवर, घासाबरोबर आणि दोन घासांच्या मधल्या अवकाशात, अशी ती दशविध विभागणी आहे. अन्नरहित पोटी घेतलेले औषध अधिक वीर्यवान ठरते, परंतु तेच बालकाला, वृद्धाला आणि सुकुमार प्रकृतीच्या माणसाला ग्लानी आणते, हा इशाराही तेथेच दिलेला आहे. ही शास्त्रीय परिभाषा विस्मृतीत गेली तरी तिचा व्यवहार महाराष्ट्रातल्या घराघरांत चालूच राहिला. काढा अनशापोटी घ्यायचा, चूर्ण जेवणावर घ्यायचे, मात्रा मधातून चाटवायची, ही वहिवाट आजीने सुनेला सांगितली आणि पुढे डॉक्टरांनी आपल्या चिठ्ठीवर 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' असे लिहून तिच्यावर नकळत शिक्कामोर्तब केले.

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत होते, आणि ते इतके स्वाभाविक होते की त्याची वाच्यता करण्याचे कोणाला कारणच पडले नाही. माणूस थांबून थांबून जेवतो. त्याच्या जेवणाला आरंभ असतो आणि शेवट असतो. आणि एका जेवणाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंत जठर रिकामे होण्यास मुदत मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत हे गृहीत मोडले. तेथे बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या नाकातून जठरात गेलेल्या बारीक नळीवाटे पंपाच्या साहाय्याने दूधसदृश द्रव थेंबाथेंबाने अहोरात्र वाहू लागला, आणि ज्या क्षणी जेवण अखंड झाले त्या क्षणी जेवणाआधी आणि जेवणानंतर या दोन्ही संज्ञा निरर्थक झाल्या. या बदलाची किंमत कोणत्या औषधांनी मोजली, आणि ती वैद्यकाच्या लक्षात यायला इतका उशीर का लागला, याचा शोध घ्यायचा तर नळीचा आणि प्रतिजैविकांचा असे दोन स्वतंत्र इतिहास आधी निरनिराळे वाचावे लागतात.

नळीचा इतिहास दोहोंत जुना आहे. ज्याला गिळता येत नाही त्याला जगवायचे कसे, या विवंचनेवर इजिप्त आणि ग्रीस येथील प्राचीन वैद्यांनी काढलेला तोडगा गुदमार्गाचा होता; दूध, मद्य, यवाचे पाणी असे पदार्थ बस्तीने आत सोडीत. वरच्या मार्गाने नळी घालण्याची कल्पना युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. इटलीतील कापिव्हाच्चिओ या वैद्याने पोकळ नळीला प्राण्याचा मूत्राशय बांधून तो दाबून अन्न अन्ननलिकेत ढकलण्याची युक्ती योजली. पुढच्या पिढीत पादुआ येथील फाब्रिसिउस या शारीरविशारदाने धनुर्वाताने जबडा मिटलेल्या रोग्यांसाठी नाकातून घालावयाची चांदीची नळी वापरली. आणि सतराव्या शतकाच्या मध्यास फान हेल्मोंट याने धातूचा ताठरपणा टाळण्यासाठी चामड्याची लवचिक नळी सुचविली. तथापि या नळ्या घशापर्यंत किंवा फार तर अन्ननलिकेपर्यंतच पोचत असत, आणि पुढचे काम निसर्गाने करावे अशी अपेक्षा असे.

जठरापर्यंत पोचण्याचा निश्चित आणि लेखबद्ध प्रयोग लंडनचा विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर याच्या नावे १७९० साली नमूद झालेला आहे. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थासाठी त्याने देवमाशाच्या मुखातील लवचिक काडीवर ईल माशाचे ताजे कातडे चढवून नळी करवली, तिच्या वरच्या टोकास मूत्राशयाची पिशवी जोडली, आणि अंडी, पाणी, साखर, दूध, मद्य असे मिश्रण तिच्यावाटे जठरात सोडून त्या गृहस्थाला बरा होईपर्यंत तगवले. पुढे या प्रकरणाची कैफियत त्याने प्रसिद्ध केली तेव्हा तिच्या मथळ्यातच, अन्न आणि औषधे जठरात पोचविण्याची कृत्रिम रीत, असा उल्लेख त्याने केला, आणि या इतिहासाच्या दृष्टीने हा उल्लेख महत्त्वाचा आहे. आरंभापासूनच नळीकडे दोन्ही कामे सोपविलेली होती, आणि ती दोन्ही कामे एकमेकांच्या आड येतील अशी शंका हंटरला येण्याचे काही कारण नव्हते, कारण त्याच्या काळी रक्तात औषध किती पोचले हे मोजण्याचे साधनच कोणापाशी नव्हते.

मोजमापाशिवाय चाललेल्या उपचाराची परिणती कोठवर जाते याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. १८८१ च्या २ जुलैला राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि १९ सप्टेंबरला मृत्यू येईपर्यंतच्या दीर्घ आजारात त्यांचे पोट अन्न ठेवीनासे झाले तेव्हा त्यांचे प्रमुख चिकित्सक विलर्ड ब्लिस यांनी गोमांसाचा अर्क आणि व्हिस्की यांचे मिश्रण, त्यातच अफूचा अर्क घालून, ठरलेल्या वेळी गुदमार्गाने देण्याची तजवीज केली. पुढच्याच वर्षी ब्लिस यांनी या पद्धतीवर स्वतंत्र प्रबंध लिहून तिचे समर्थन केले. परंतु मोठे आतडे पाणी आणि क्षार शोषून घेत असले तरी प्रथिनांवर माणूस पोसण्याची शक्ती त्यात नाही, हे शरीरक्रियाशास्त्राला निश्चितपणे कळण्यास अजून अवकाश होता. मार्ग आहे म्हणजे शोषण होणारच, ही समजूत एवढ्या मोठ्या पुरुषाच्या बिछान्यापाशीही तपासली गेली नाही.

याच काळात नळीला एक काळी बाजूही प्राप्त झाली. वेड्यांच्या इस्पितळांत अन्न नाकारणाऱ्या रोग्यांना बळाने भरविण्याचा रिवाज एकोणिसाव्या शतकात होताच. १९०९ पासून इंग्लंडच्या तुरुंगांत मताधिकारासाठी उपोषण करणाऱ्या स्त्रियांवर त्याचा प्रयोग झाला, आणि हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारने तोच हुकूम आपल्या राजबंद्यांवर बजावला. लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी जतींद्रनाथ दासांनी देह ठेवला, त्याआधी त्यांना बळाने दूध पाजण्याचा प्रयत्न झाला होता आणि ते दूध फुप्फुसात गेले होते; १९३३ साली अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्र हे तीन राजबंदी अशाच जबरदस्तीच्या भरवणुकीने मरण पावले. नळीचे टोक नेमके कोठे आहे याविषयीची बेफिकिरी प्राणघातक ठरते, हा धडा येथे फार मोठे मोल देऊन मिळाला. त्याच टोकाच्या स्थानावर औषधाचे यशापयशही अवलंबून असते हे मात्र पुढे सहा दशकांनी कळले.

आज भारतातील कोणत्याही इस्पितळात नाकातील नळीला जे नाव सर्रास दिले जाते ते जॉन आल्फ्रेड राइल या इंग्रज वैद्याचे आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये काम करीत असताना १९२१ च्या सुमारास त्याने जठररसाची टप्प्याटप्प्याने तपासणी करण्यासाठी, रोग्याला सहज गिळता येईल अशी, टोकाला लहानसे वजन असलेली बारीक रबरी नळी तयार केली. जठरातून रस बाहेर काढण्यासाठी झालेली ही योजना आपल्याकडे मुख्यतः आत अन्न घालण्यासाठी रूढ झाली, आणि जो राइल पुढे ऑक्सफर्डमध्ये सामाजिक वैद्यकाचा पहिला प्राध्यापक झाला त्याचे नाव 'राइल्स ट्यूब' या रूपाने इस्पितळातल्या आयाबायांच्या तोंडीही बसले. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या लेव्हिन याने नाकातून घालावयाची आपली नळी प्रसिद्ध केली, आणि त्याआधी १९१० मध्ये माक्स आइनहॉर्न याने जठराच्याही पलीकडे, आद्यांत्रापर्यंत उतरणारी नळी करून दाखविली होती. अन्न कोठे सोडावे याची निवड आता चिकित्सकाच्या अखत्यारात आली.

काय सोडावे हा प्रश्न मात्र अजून स्वयंपाकघराकडेच होता. १९५० नंतरच्या दशकात डेट्रॉइटचे शल्यविशारद जेम्स बॅरन यांनी नेहमीचे अन्न बारीक वाटून ते यंत्राच्या साहाय्याने अखंड धारेने देण्याची पद्धत बसविली. त्याच दशकात अमेरिकेत ग्रीनस्टीन आणि विनिट्झ यांनी अन्नाचे पृथक्करण थेट रेणूपर्यंत नेले. अमिनो आम्ले, साखर, जीवनसत्त्वे आणि क्षार तोलून मापून एकत्र केलेला त्यांचा आहार पुढे अंतराळवीरांच्या प्रवासासाठी उपयोगी पडेल या अपेक्षेने निरोगी स्वयंसेवकांवर अनेक आठवडे पारखला गेला, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो शस्त्रक्रियेच्या रुग्णांकडे वळला. डब्यात बंद, सर्व क्षारांनी युक्त, नळीत न अडकणारा असा द्रव कारखान्यातून मिळू लागल्यावर इस्पितळाच्या स्वयंपाक्याची जागा यंत्राने घेतली. १९७९ मध्ये क्लीव्हलंडच्या गॉडरर आणि पॉन्स्की यांनी पोट न फाडता, दुर्बिणीच्या साहाय्याने जठरात थेट नळी बसविण्याची रीत शोधल्यावर तर महिनोन्‌महिने नळीवर जगणे हा नित्याचा व्यवहार झाला.

ज्या विभागात ही नळी अपरिहार्य ठरली तो अतिदक्षता विभागही याच शतकाचे अपत्य आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रोग्यांच्या श्वासनलिकेत नळी घालून हातपिशवीने श्वास पुरविण्याची योजना केली, आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने त्या पिशव्या दाबल्या. पुढच्या वर्षी त्याच शहरात या अनुभवावर आधारलेला स्वतंत्र विभाग उभा राहिला. भारतात या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांत मुंबईच्या डॉ. फारोख उदवाडिया यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, आणि या शाखेच्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही १९९३ साली मुंबईतच स्थापन झाली. श्वास यंत्राने, अन्न पंपाने आणि औषध शिरेवाटे, अशी त्रिविध तरतूद झालेल्या या विभागात पूर्वी जे रोगी दगावले असते ते जगू लागले, आणि जगू लागल्यामुळेच जंतुसंसर्गाने गाठले जाऊ लागले.

येथे प्रतिजैविकांचा इतिहास नळीच्या इतिहासाला येऊन मिळतो, आणि त्याचा आरंभही पचनमार्गाच्या प्रतिकूलतेनेच झालेला आहे. फ्लेमिंगने १९२८ मध्ये ओळखलेले आणि फ्लोरी व चेन यांनी १९४० च्या सुमारास औषधरूपास आणलेले पेनिसिलिन जठरातल्या आम्लात नष्ट होत असल्यामुळे ते सुईनेच द्यावे लागे; आम्लात टिकणारा त्याचा प्रकार ऑस्ट्रियात १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सापडला तेव्हा कोठे ते गोळीच्या रूपाने तोंडावाटे देण्याची सोय झाली. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे उत्पादन सुरू झाले, तेही प्रथम याच सुईच्या पेनिसिलिनचे.

तोंडाने घेता येणाऱ्या प्रतिजैविकांनी मात्र अन्न आणि औषध यांचे भांडण प्रथमच उजेडात आणले. १९४८ मध्ये लेडरले कंपनीच्या प्रयोगशाळेतून ऑरिओमायसिन बाहेर आले; या प्रयोगशाळेच्या संशोधनाची सूत्रे तेव्हा आपल्या आंध्रातल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती, आणि औषधाचा शोधक बेंजामिन डगर हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. या औषधाने रोग्याला मळमळ होई, म्हणून डॉक्टर त्याच्या जोडीला आम्लशामक म्हणून अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड देऊ लागले, आणि मळमळ थांबली तशी रक्तातली औषधाची मात्राही कोसळली. १९५० साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. ऑरिओमायसिन ज्यात मोडते त्या टेट्रासायक्लिन कुळातल्या औषधांचा रेणू अॅल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह अशा धातूंच्या आयनांना धरून बसतो आणि त्या बंधनातून तयार झालेला संयोग आतड्याच्या भिंतीतून पार जात नाही, हे त्यामागचे रसायन हळूहळू स्पष्ट झाले. दशकाच्या अखेरीस तर असे आढळले की टेट्रासायक्लिनच्या कुपीत भरीसाठी वापरलेले कॅल्शियमयुक्त चूर्णच त्या औषधाला मारक ठरत होते. आणि १९७० मध्ये फिनलंडच्या नेउव्होनेन आणि सहकाऱ्यांनी लोहाच्या गोळ्याही तोच अपराध करतात हे दाखवून दिले. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नये ही ताकीद आपल्याकडच्या डॉक्टरांच्या तोंडी बसली ती या संशोधनातून.

परंतु ही ताकीद चालत्याबोलत्या माणसासाठी होती. त्याने दूध दोन तासांनी प्यावे, लोहाची गोळी रात्री घ्यावी, एवढ्याने तंटा मिटत असे. नळीच्या रोग्याचा विचार प्रथम झाला तो प्रतिजैविकाच्या नव्हे तर अपस्माराच्या औषधाच्या निमित्ताने. १९८२ मध्ये बाउअर या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने असे नोंदले की अखंड नळीने अन्न घेणाऱ्या रोग्यांना फेनिटॉइन नळीवाटेच दिले तर रक्तातली त्याची पातळी अत्यंत खाली राहते, आणि अन्न थांबवून औषध दिले की ती वर येते. औषधाच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास पंप बंद ठेवावा, अशी त्याने सुचविलेली तोड पुढे अनेक इस्पितळांचा दस्तूर होऊन बसली. अखंड जेवणात हुकुमाने खंड पाडण्याची आधुनिक वैद्यकातील ही पहिलीच ठळक तजवीज होय.

याच दशकात क्विनोलोन कुळातील प्रतिजैविके अवतरली आणि प्रश्नाला धार आली. १९६२ च्या सुमारास हिवतापाच्या औषधाचे रसायन बनविताना उपपदार्थ म्हणून हाती लागलेल्या नॅलिडिक्सिक आम्लापासून या कुळाची वंशावळ सुरू होते. तिच्यातले सर्वांत कीर्तिमान अपत्य म्हणजे जर्मनीच्या बायर कंपनीचे सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ज्याला अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली. ज्या हट्टी ग्राम-ऋण जंतूंसाठी पूर्वी फक्त सुईची औषधे होती त्यांच्यावर चालणारे, आणि तोंडाने घेतले असता सुमारे ७० टक्के रक्तात पोचणारे, असे ते औषध असल्याने शिरेवाटेची महागडी बाटली बंद करून गोळी कुटून नळीत सोडण्याचा मोह अतिदक्षता विभागांना होणे स्वाभाविक होते. दुर्दैवाने या रेणूतही धातूंना धरून बसण्याची तीच खोड होती. आम्लशामकांबरोबर त्याचे शोषण अत्यल्प होते हे आरंभीच कळले. १९९१ मध्ये नेउव्होनेन यांच्याच गटाने दूध आणि दही यांनीही ते सुमारे एक-तृतीयांशाने घटते हे सिद्ध केले. आणि नळीतून वाहणारा द्रव तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त यांनी जाणूनबुजून समृद्ध केलेला, लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम कॅल्शियम बाळगणारा असतो.

१९९० नंतरच्या दशकात या प्रश्नावर अमेरिका आणि युरोप येथे जे संशोधन झाले त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९९४ मध्ये म्यूलर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना डबाबंद आहाराबरोबर औषध देऊन पाहिले, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या शोषणात चतुर्थांशाहून अधिक घट झाली आणि त्याच्याच भाऊबंदांतील ऑफ्लॉक्सॅसिनमध्ये सुमारे एक-दशांश. म्हणजे कुळ एक असूनही प्रत्येक औषधाचा स्वभाव वेगळा निघाला. १९९६ मध्ये हीली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष रुग्णांवर अभ्यास करून नळीच्या टोकाचा प्रश्न पुढे आणला. नळी जठरात असो की मध्यांत्रात, अन्नाबरोबर दिलेले औषध कमीच पोचत होते, पण ज्यांची नळी मध्यांत्रात होती त्यांचे नुकसान सर्वांत मोठे होते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे शोषण प्रामुख्याने आद्यांत्रात होते, आणि मध्यांत्रातली नळी तेवढाच मुक्काम नेमका टाळून औषधाला पुढे नेते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाची संगती लागते. २००० मध्ये मिनेसोटातील संशोधकांनी प्रयोगशाळेतच औषध आणि आहार एकत्र करून पाहिले असता सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा सुमारे चार-पंचमांश हिस्सा द्रावणातून नाहीसा झाला, परंतु नुसत्या पाण्यात तेवढेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घातले असता तसे झाले नाही. तेव्हा दोष एकट्या धातूंच्या माथी मारून चालणार नाही, आहारातल्या इतर घटकांचाही त्यात वाटा असला पाहिजे, असा पेच उभा राहिला.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच विचारार्ह आहे. १९९८ मध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांनी पोटातील गंभीर जंतुसंसर्गाच्या, अतिदक्षता विभागातल्या आणि नळीने अन्न घेणाऱ्या मोजक्या रुग्णांत सिप्रोफ्लॉक्सॅसिन मोजले, तेव्हा साधारण निम्मे औषध रक्तात पोचत होते, आणि नळीची मात्रा वाढवून दिली असता शिरेवाटेच्या मात्रेशी तिची बरोबरी होत होती. म्हणजे घट खरी असली तरी ती सर्वत्र सारखी घातक नाही. याचे कारण असे की अतिदक्षता विभागातला देह हा स्वतःच एक अनिश्चित प्रदेश असतो. अफूवर्गीय वेदनाशामकांनी आणि रक्तातल्या जंतुविषाने जठराची गती मंदावते, त्यामुळे औषध आद्यांत्रात उशिरा उतरते. रक्तदाब टिकविण्यासाठी दिलेली औषधे आतड्याचा रक्तपुरवठा आखडतात. आतड्याच्या भिंतीला सूज येते. शिरांतून बाहेर झिरपलेल्या द्रवामुळे औषध ज्या जलाशयात विरघळायचे तो फुगतो. आणि मूत्रपिंडे मंदावली तर तेच औषध शरीरात नेहमीपेक्षा अधिक काळ रेंगाळते. यांपैकी काही कारणे रक्तातली पातळी खाली ओढतात आणि काही ती वर ढकलतात, म्हणून एका रुग्णाचा हिशेब दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यातच जठरव्रण टाळण्यासाठी सुक्राल्फेट दिलेले असले तर त्यातला अॅल्युमिनियम पुन्हा आपल्या जुन्या स्वभावावर जातो.

आपल्याकडच्या परिस्थितीने या प्रश्नाला आणखी एक अंग जोडले आहे. डबाबंद आहार परवडत नाही अशा असंख्य घरांतून नळीचे अन्न घरीच तयार होते. वरणाचे पातळ पाणी, तांदळाची किंवा नाचणीची पेज, दूध, ताक, नारळाचे पाणी, क्वचित अंडे, असे सारे गाळून मोठ्या सिरिंजने दोन-दोन तासांनी सोडले जाते. कॅल्शियमसाठी वाखाणली जाणारी नाचणी आणि जेवणाचा शेवट ज्याच्याशिवाय होत नाही ते ताक, हे दोन्ही पदार्थ टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांच्या दृष्टीने निरुपद्रवी नाहीत, ही गोष्ट रोग्याच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाला सहसा कोणी सांगत नाही. तरीही या घरगुती पद्धतीत एक गुण टिकून आहे, तो असा की सिरिंजने दिलेल्या दोन भरवणुकींच्या मध्ये अवकाश उरतो, आणि कोणती गोळी त्या अवकाशाच्या मध्यावर द्यायची हे ठरविता येते. पंपाच्या अखंड धारेत ती मुभा आपोआप मिळत नाही.

क्षयाने मेंदूचे आवरण सुजून बेशुद्ध झालेल्या रोग्याचे उदाहरण येथे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. त्याचे प्राण रिफॅम्पिसिन आणि आयसोनायाझिड यांवर अवलंबून असतात, या दोन्हींचे शोषण अन्नाने घटते, आणि शिरेवाटे द्यावयाची त्यांची रूपे आपल्याकडे सहजी हाती लागत नाहीत; तेव्हा नळी हाच एक मार्ग उरतो आणि त्या मार्गावर अनशापोटीची सोय जाणीवपूर्वक निर्माण करावी लागते. गोळी कुटण्याचाही एक विवेक आहे. आम्लापासून बचावासाठी वर आवरण चढविलेली किंवा हळूहळू विरघळण्यासाठी घडविलेली गोळी खलबत्त्यात घातली की तिचा सारा बंदोबस्त धुळीस मिळतो. आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे मुलांसाठी निघालेले तैलयुक्त द्रवरूपही नळीसाठी अयोग्य, कारण ते नळीच बुजवून टाकते. द्रवरूप औषध नळीला अधिक सोयीचे असणार हा तर्क येथे फसतो.

या साऱ्यातून जे इलाज पुढे आले ते चार आहेत. पहिला, रोग अत्यवस्थ असेतोवर औषध शिरेवाटेच द्यावे. दुसरा, नळीवाटे द्यायचे तर लिनेझोलिड किंवा मेट्रोनिडॅझोल यांसारखे, ज्यांच्या शोषणात अन्न फारशी ढवळाढवळ करीत नाही असे औषध, जंतूला मानवत असेल तेथे, निवडावे. तिसरा, मात्रा वाढवावी. चौथा, अन्न थांबवावे. यांपैकी चौथा सर्वांत सोपा दिसतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. दिवसातून दोनदा द्यायच्या औषधासाठी आधी दोन तास आणि नंतर दोन तास पंप बंद ठेवला तर चोवीस तासांतले आठ तास रोगी उपाशी राहतो, म्हणजे त्याच्या अन्नाचा एक-तृतीयांश हिस्सा बुडतो, आणि ज्याचे स्नायू आजाराने रोज झिजत आहेत त्याला ही तूट सोसत नाही. ती भरून काढायची तर उरलेल्या सोळा तासांत धार दीडपट करावी लागते, आणि मंदावलेल्या जठराला ती पेलतेच असे नाही.

अन्न आणि औषध हे दोन्ही एकाच वाटेने जाणार, त्या वाटेवर कोणाला आधी सोडायचे आणि कोणाला थांबवायचे याचा निवाडा करावा लागणार, ही गोष्ट सुश्रुताने सांगितलेल्या दहा कालांत गृहीतच होती. तेथे हा निवाडा वैद्य करीत असे आणि तोच पथ्यही सांगत असे. आधुनिक इस्पितळाने कामाची विभागणी केली, आणि ती हिताचीच ठरली, परंतु तिच्यामुळे अन्नाचा तक्ता आहारतज्ज्ञाकडे गेला, औषधाचा तक्ता डॉक्टरकडे राहिला, नळीचे टोक कोठे आहे याची नोंद क्ष-किरणाच्या अहवालात पडली, आणि गोळी कुटण्याचे काम परिचारिकेच्या किंवा नातेवाइकाच्या हाती आले. ऑरिओमायसिनच्या वेळी जी घट दोन वर्षांत उघडकीस आली तिच्यासारखीच घट नळीच्या रोग्यांत पुढची तीन-चार दशके कोणी मोजली नाही, याचे कारण रसायनाचे अज्ञान नव्हते, कारण रसायन १९५० नंतर माहीतच होते. कारण हे होते की चार कागदांवर विभागलेली माहिती एकत्र वाचण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती. ज्या विभागांत औषधतज्ज्ञ रोजच्या फेरीत डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ यांच्यासमवेत हे चारही कागद शेजारी ठेवून वाचतो, तेथे ती उणीव भरून निघते. आपल्याकडच्या बहुसंख्य इस्पितळांत ही नेमणूक अजून व्हावयाची आहे, आणि ती होईपर्यंत औषधाच्या चिठ्ठीवर मात्रेखाली नळीच्या अन्नाची वेळ लिहिण्याचा शिरस्ता डॉक्टरांनीच पाडणे इष्ट होय.